त्या दुपारी विमान काढलं नाही त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही नाशिकला सुखरूप पोहोचल्याचं दादाने कळवलं. बाबा, तुम्हा दोघांना मी माझ्या विमानातून फिरवायचं राहिलं, त्या दिवसाचा विषय निघेपर्यंत तुम्ही काढला नाहीत, म्हणून मीच लिहिते.

तुम्ही पहाटेच दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार होतात. आईने दशम्या बांधून घेतल्या होत्या. माझ्या कामामुळे निघायला दुपार झाली, ती चूक माझी. हँगरशी पोहोचलो तेव्हा पारा ३३ अंशांवर होता. मी तिघांचं वजन आणि इंधन कागदावर मांडलं आणि ‘आज नको’ म्हणाले. परतताना तुम्ही मांडीवरच्या टोपीची किनार चाचपत बसला होतात.

डेन्व्हरची धावपट्टी मुळात साडेपाच हजार फुटांवर. ऊन तापलं की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ९ हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. इंजिनाची ताकद घटते, पंखांना उचल कमी मिळते. जमीन सुटते, पण विमान चढत नाही. अशा वेळी नाक वर ओढत राहिलं की स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल एकाएकी तुटते आणि विमान खाली येतं.

इथून दीडशेएक किलोमीटरवर शायेन हे शहर आहे. ११ एप्रिल १९९६ ला तिथून सात वर्षांची जेसिका डबरॉफ, तिचे वडील आणि प्रशिक्षक सेस्ना १७७ मधून निघाले. लहान मुलीने विमान चालवत अमेरिका ओलांडायचा बेत, त्यामुळे मागे टीव्हीवाले आणि पक्कं वेळापत्रक. धावपट्टी ६ हजार फुटांवर, समोर वादळी पाऊस, वजन मर्यादेबाहेर. उड्डाणानंतर लगेचच विमान स्टॉल होऊन कोसळलं. तिघंही गेले. चौकशीत उड्डाणाचा निर्णय चुकीचा ठरला, आणि वेळापत्रक पाळायची ओढ हेही त्यामागचं एक कारण म्हणून नोंदलं गेलं.

परवान्याच्या अभ्यासात हे वाचताना मी वजन आणि हवामान तेवढं लक्षात ठेवलं होतं. ओढ म्हणजे काय ते त्या दुपारी कळलं. तुमच्या शर्टाची घडी बघून ‘चला, बसा’ म्हणावंसं मला फार वाटलं होतं, बाबा. ती चिमुरडी सारखी डोळ्यांपुढे येत होती.

पुढच्या वेळी थंडीत या. सकाळी सातला निघू, एका वेळी एकालाच नेईन. आई, तुझा नंबर पहिला. बाबा, तुमची टोपी इथेच राहिली आहे, दाराजवळच्या खुंटीला.

तुमची,
मनू