बँक, एकदा फोन कर

प्रिय बँक, माझ्या लेका,

परवा तू मधेच फोन कट केलास, त्यानंतर मी लाईन ॲपवर मेसेज टाईप करत होते आणि खोडत होते, म्हणून आता हे सरळ लांबलचक लिहितेय. मराठीत लिहितेय कारण भांडायला मला अजून नीट थाई येत नाही. तुला वाचायला वेळ लागेल, मोठ्याने वाच, जोडाक्षरं अडली तर सोडून दे.

नोकरी नाकारलीस त्याबद्दल मी काही बोलणार नाहीये, ठरवलंय. फक्त एवढंच की बांगखेनच्या काकांना तू स्वतः फोन करून नाही म्हणायला हवं होतंस. त्यांनी तुझ्यासाठी शब्द टाकला होता, आणि तू कंपनीला दोन ओळींचा ईमेल टाकून मोकळा झालास. काका बाबांना काहीच बोलले नाहीत, नुसते हसले म्हणे. बाबा घरी आले आणि झाडांना पाणी घालत बसले, बाहेर पाऊस पडत होता तरी. तुला माहितीये ना ते तोंडाने कधी बोलणार नाहीत, त्यांच्या त्या क्रेंगचायपायी, समोरच्याला अवघडायला नको म्हणून गप्प राहण्यापायी, मी निम्मं आयुष्य अंदाज बांधण्यात घालवलंय.

तुझं म्हणणं कळतंय मला. ऑफिसात पहिल्याच दिवशी मागून कोणी डेक-सेन म्हणालं की संपलं, मग तू रात्री बारापर्यंत काम केलंस तरी वशिल्याचा तो वशिल्याचाच. पण बँक, तू म्हणतोस तसं ओळखीशिवाय इथं कोण जगतंय रे? चिआंगमाईला पहिल्या वर्षी तुला नोट्स कोणी दिल्या, तापात खाओ सॉय कोणी आणून दिलं, तर रोल नंबरचे शेवटचे आकडे सारखे म्हणून तुझ्या वाट्याला आलेल्या त्या सीनियरनी, फी-रहतनीच ना? सोटसविरुद्ध, कॉलेजातल्या त्या सीनियरांच्या दादागिरीविरुद्ध, पोस्टर लावणारा तू, पण दॉय सुथेपच्या डोंगरावर सगळ्यांबरोबर शर्ट घालून पायी चढलासच की, फोटो आहे माझ्याकडे, काय हसतोयस त्यात. ती पण ओळखच आहे. काका म्हणजे बाबांचे कासेतसार्ट युनिव्हर्सिटीतले सीनियर, हॉस्टेलला असताना बाबांचं जेवण त्यांनी भरवलंय. फरक काय?

फरक आहे, मला कळतो. लेक्चर देतेय, सॉरी.

पण तू त्या दिवशी शाळेचं काढलंस ते मला लागलं. "मत्थयोम १ ला मला कसं घेतलं ते माहितीये" म्हणालास, म्हणजे आपल्या सातवीला. हो, तसंच घेतलं. मला त्याची लाज वाटावी असं तुला वाटतं, मला नाही वाटत. तू वेटिंग लिस्टवर होतास, आणि त्या खोलीत आम्ही सगळ्या आया मांडीवर प्लॅस्टिकचे फोल्डर घेऊन रांगेत बसलो होतो, एसी इतका की दात वाजत होते, आणि टेबलामागच्या माणसाने तुझं प्रगतीपुस्तक उघडलं सुद्धा नाही, नुसतं विचारलं, कोणाच्या ओळखीने आलात? माझ्या शेजारची बाई उठून आत गेली आणि देणगीची पावती घेऊन बाहेर आली. सगळ्यांना माहीत असतं ही पॅ-चिया, प्रवेशासाठीची लाच, फक्त पावतीवर पालक संघ लिहिलेलं असतं. आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते. काकांचा फोन होता. मी परदेशी, माझं या देशात एकही नाव नव्हतं सांगायला, तेव्हा त्यांचं नाव होतं. म्हणून सांगतेय, त्यांना फोन कर.

आणि टीकॅसला, युनिव्हर्सिटीच्या प्रवेशाला, तू तिसऱ्या राउंडमधून गेलास, निव्वळ मार्कांवर. पहिल्या राउंडच्या पोर्टफोलिओत कोणाच्या वडिलांच्या कंपनीतली इंटर्नशिप, कोणाच्या मावशीने लावून दिलेला कॅम्प, ते तूच मला यादी करून दाखवलं होतंस. तुझी फाईल केवढीशी. मी कराडला सगळ्यांना सांगितलं की आमचा बँक कोणाच्या चिठ्ठीशिवाय गेला. (मामा अजून विचारतो, बँकेत कधी लागणार.)

आप्पा असते तर तुझ्या बाजूने बोलले असते. माझ्या वेळी कॉलेजात जागा निघाली होती, संस्थेचे अध्यक्ष आप्पांचे विद्यार्थी, एक चिठ्ठी पुरली असती, आणि हा माणूस म्हणाला की माझ्या पेनातली शाई त्यासाठी नाही. मी कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. मग चिडून इथल्या एआयटीच्या (एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) स्कॉलरशिपचा फॉर्म भरला, आणि तिथं मेसमध्ये तुझे बाबा भेटले. आता यातून तुला काय सांगायचं होतं तेच विसरले.

हां. भीती वाटते रे. तू जन्मलास त्याच २००३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान थाकसिन यांनी चुलतभावाला लष्करप्रमुख केलं होतं आणि इथं सगळे थाकसिनच्या कॅडेट शाळेच्या दहाव्या बॅचमधला कोण कुठल्या खुर्चीवर बसला ते मोजत होते. आता माणसं बदलली, बॅच बदलली, मोजणं तेच. तू म्हणतोस सरकारी परीक्षा देणार, कॉ-फॉची. दे. पहिला पेपर पास झालास की तो आयुष्यभर चालतो, तिथं कोणाचं काही चालत नाही हे मलाही पटतं. पण शेवटी तिसऱ्या टप्प्यात मुलाखत आहे ना, आणि मुलाखतीत समोर माणसंच बसतात. एप्रिलमध्ये लष्कराची चिठ्ठी काढायची वेळ येईल तेव्हा लाल, म्हणजे भरती, निघो की काळी, म्हणजे सुटका, तुझ्या पाठीशी कोणीतरी असावं एवढंच मला वाटतं. नोकरी घेऊ नकोस. फोन कर. नवीन वर्षाला टोपली घेऊन जा, ती पक्ष्याच्या घरट्याच्या बाटल्यांची, काका काही सरकारी अधिकारी नाहीत की भेटवस्तूची ३,००० बाथची मर्यादा आड येईल. हात जोडून वाय कर, बस, दोन मिनिटं.

परत तेच सांगतेय ना. बाबांनी वाचलं तर म्हणतील पोराला सोड.

खरं सांगू, तो ईमेल बाबांनी मला दाखवला तेव्हा मी तो दोनदा वाचला. फार नीट लिहिलायस. भाषा अगदी सभ्य, कुठे मिंधेपणा नाही. शाळेतल्या त्या टेबलामागच्या माणसाला वाचायला द्यावासा वाटला.

परीक्षेच्या सीटा लवकर भरतात म्हणे, तारखेवर लक्ष ठेव. कॉलरचा पांढरा शर्ट आहे का तिकडे? फॉर्मची फी मी पाठवते, बाबांना सांगू नकोस. आणि तुझ्या या-ला, आजीला, फोन केलास का, तिचा गुडघा परत सुजलाय, तिला वाटतं तू तिच्यावर पण रागावलायस.

आई