गालिच्याचा उरलेला पट्टा ग्राहकाच्या घरी जाऊ द्या

संपादक महोदय,

पावसाच्या सरी स्थिरावल्या की नागपुरात घरोघरी कूलर खिडकीतून उतरतात आणि उन्हाळाभर त्यांच्याआड झाकले गेलेले नुकसान उघड्यावर येते. टाकी कुठेतरी पाझरलेली असते, ताट्यांमधले पाणी झोतासोबत आत उडालेले असते, आणि बैठकीच्या खोलीत खिडकीखाली हातभर गालिचा तपकिरी पडून कुजट वास मारू लागलेला असतो. बाकीच्या गालिच्याला काहीही झालेले नसते. तरीही दुकानात चौकशी करावी तर ‘आता पूर्ण बदलूनच टाका’ हा एकच सल्ला मिळतो, आणि नाइलाजाने तो मानणारेही पुष्कळ आहेत. डागाळलेला तुकडा तेवढा काढून त्या जागी दुसरा बसवता येतो, हे अनेकांना सांगितलेच जात नाही. या कामाची खरी अडचण कारागिराच्या हातात नसून विक्रीच्या एका पद्धतीत आहे, म्हणून हे पत्र.

भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरायचा गालिचा यंत्रावर तयार होतो आणि त्याचा गुंडाळा बहुधा १२ फूट किंवा ४ मीटर रुंदीचा येतो. खोली ११ फूट बाय १४ फुटांची असेल, तर १२ फुटी गुंडाळ्यातून १४ फूट लांबी कापली जाते. म्हणजे ग्राहक १६८ चौरस फुटांचे पैसे मोजतो, जमिनीवर १५४ चौरस फूट बसतात आणि १४ चौरस फुटांचा लांबट पट्टा उरतो. हा पट्टा ग्राहकाच्या मालकीचा असतो, परंतु गालिचा बसवणारी माणसे तो बहुतेक वेळा आपल्यासोबत घेऊन जातात, आणि घरमालकालाही त्या वेळी तो अडगळ वाटत असल्यामुळे तो हरकत घेत नाही. पाच-सहा वर्षांनी एखाद्या जागी डाग पडतो, निखारा पडतो, नाही तर पाळीव कुत्रा कोपरा कुरतडतो, तेव्हा त्याच रंगाचा आणि त्याच विणीचा माल बाजारात शोधून सापडत नाही. रंगाचे नाव तेच असले तरी नव्या गुंडाळ्याची छटा थोडी निराळी असते आणि तो फरक जमिनीवर चटकन डोळ्यांत भरतो.

असा पट्टा हाताशी असला की दुरुस्ती किती सोपी होते, हे आमच्या शेजारी पाहायला मिळाले. आरतीच्या वेळी पेटता कापूर पडून तिथल्या गालिच्याला तळहाताएवढा डाग पडला होता. कारागिराने आधी तळवा फिरवून लव, म्हणजे गालिच्यावरचे उभे धागे, कोणत्या दिशेला झुकते ते पाहिले आणि खडूने बाण काढून ठेवला. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने लवेत भांग पाडून, धागे न कापता केवळ खालचे अस्तर चिरले जाईल अशा बेताने कटर चालवून, जळका भाग चौकोनी काढून घेतला. तोच चौकोन उरलेल्या पट्ट्यावर ठेवून, बाणाला बाण जुळवून, त्याच मापाचा तुकडा कापला. खड्ड्याच्या चारही कडांखाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी सरकवली, कडा उसवू नयेत म्हणून त्यांना लेटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा, पातळ हात दिला, तुकडा दाबून बसवला आणि सांध्यावरची लव कंगव्याने एकमेकांत मिसळून त्यावर रात्रभर वजन ठेवायला सांगितले. दिशा उलटी झाली असती तर रंग तंतोतंत जुळूनही तो चौकोन काळपट दिसला असता, कारण लवेवरचा उजेड दिशेप्रमाणे वेगळा परततो.

जपून ठेवलेला पट्टा कोरा असतो आणि वापरातला गालिचा उजेडाने व धुळीने थोडा उतरलेला असतो, हे खरे आहे. तेव्हा चांगले कारागीर दिवाणाखालचा किंवा कपाटामागचा तुकडा दर्शनी जागी आणतात आणि कोरा तुकडा त्या आडोशाला लावतात. ही युक्ती पट्टा नसलेल्यांच्याही कामाची आहे. फक्त आडोशाला थोडा बेरंग चालवून घ्यावा लागतो.

पाण्याने खराब झालेल्या जागी मात्र लगेच तुकडा बसवण्याची घाई करू नये. भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या अशा गालिच्यात धागे एका कापडात खोचून मागून लेटेक्सने पक्के केलेले असतात आणि त्यावर पाठीला दुसरे कापड चिकटवलेले असते. ओलावा फार काळ राहिला की लेटेक्स सुटतो, पाठीला ज्यूट असेल तर ते कुजते, आणि वरून कोरडी दिसणारी लव ओढताच हातात येते. गळती थांबलेली नसेल किंवा खालची फरशी ओली असेल, तर नवा तुकडाही त्याच वाटेने जाणार. आधी गालिचा उचलून खालची जमीन पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावी आणि तुकड्याचे काम त्यानंतरच हाती घ्यावे.

हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्याची गोष्ट संपूर्ण वेगळी आहे आणि तिथे कटर व चिकटपट्टी यांचा उपयोग करणे म्हणजे अपराधच होय. अशा गालिच्यात कसर लागून पडलेले भोक भरायचे, तर भोवतालच्या धडक्या विणीत खोलवर नवा ताणा (उभा धागा) सुईने ओवावा लागतो, बाणा (आडवा धागा) घालावा लागतो, मूळच्याच पद्धतीच्या गाठी एकेक करून माराव्या लागतात आणि शेवटी लव कातरून सपाट करावी लागते. हे काम वेळखाऊ आणि महाग असते, पण गालिचा त्या योग्यतेचा असतो. उत्तर प्रदेशातील भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या कसबामुळेच.

ग्राहकाला आपल्या घरातला गालिचा यांपैकी कोणता आहे हेच पुष्कळदा ठाऊक नसते, आणि विक्रेते ‘हॅन्डमेड’ या एका शब्दावर वेळ मारून नेतात. हातातल्या यंत्राने धागे खोचलेला मालही त्याच नावाने खपतो. वास्तविक गालिचा उलटून पाहिला तर संशय उरत नाही. गाठींच्या गालिच्याच्या पाठीवर पूर्ण नक्षी आणि प्रत्येक गाठ दिसते, तर खोचलेल्या गालिच्याची पाठ चिकटवलेल्या कापडाने झाकलेली असते. धाग्याची पारखही अवघड नाही. कडेचा एखादा धागा काढून, गालिच्यापासून दूर जाऊन, चिमट्यात धरून पेटवावा. लोकर केस जळल्यासारखा वास देऊन भुरभुरीत राख सोडते, तर पॉलिप्रॉपिलीन किंवा नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. दुरुस्तीच्या दृष्टीने ही माहिती महत्त्वाची आहे, कारण पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळते आणि सांधा बसवण्यासाठी कुणी गरम इस्त्री थेट फिरवली तर उरलासुरला गालिचाही जातो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा आणि प्रमाण यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिलेला आहे. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे पुढे होती. गालिच्यासारख्या अंथरुणासाठी कुणी स्वतंत्र नियम करील अशी माझी अपेक्षा नाही आणि त्याची गरजही नाही, कारण मला हवी असलेली गोष्ट बिलावरच्या दोन ओळींत मावते. गालिचा गाठींचा, खोचलेला की यंत्रावरचा आणि धागा कोणता, ही पहिली ओळ. किती माल कापला, किती बसला आणि उरलेला ग्राहकाच्या स्वाधीन केला, ही दुसरी.

राहिला प्रश्न कारागिरांचा. ज्या शहरात १८७७ साली एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली आणि ज्याच्या जुन्या वस्त्यांमध्ये विणकरीची परंपरा आहे, तिथे ताणाबाणा समजणाऱ्या हातांची वानवा नसावी. कोटाला आणि शालूला रफू करणारे आजही आहेत. त्यांच्यातल्या इच्छुकांना गालिच्याच्या कामाची ओळख करून देणारा लहानसा अभ्यासक्रम येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने चालवून पाहण्यास हरकत नाही.

दिवाळीच्या आधी नव्या गालिच्यांची खरेदी होते. त्या वेळी सीताबर्डी, सदर आणि इतवारीतील विक्रेत्यांनी उरलेला पट्टा लव आतल्या बाजूला घेऊन गुंडाळावा, त्यावर लवेच्या दिशेचा बाण काढावा आणि बिलासोबत तो ग्राहकाच्या हाती द्यावा. ग्राहकांनीही तो डांबरगोळ्या घालून माळ्यावर ठेवावा आणि गालिचा बसवणारी माणसे निघण्यापूर्वी तो घरात आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

आपली नम्र,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर