ती काळी खिडकी बंद केली नाही, दादा

दादा, सप्रेम नमस्कार.

आमचा सर्व्हर आडवा झाला त्या रात्री फोन उचलल्यावर तुमचं पहिलं वाक्य होतं, "रूटची उघडी खिडकी बंद करू नका, आणि रीबूट तर अजिबात नको." रूट म्हणजे सर्व्हरचं सर्वाधिकारी खातं आणि खिडकी म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी चौकट. चूक कोणाची, हे तुम्ही तेव्हाही विचारलं नाहीत, नंतरही नाही.

सातपूरच्या आमच्या युनिटला सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी "जीलिबसी अपडेट करून टाका" असं सहज सांगितलं होतं. जीलिबसी म्हणजे लिनक्सचे जवळजवळ सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी. आमच्या सर्व्हरवरच्या सेंटओएस ७ या लिनक्समध्ये तिची आवृत्ती २.१७, आणि त्यांच्या सॉफ्टवेअरला लागणाऱ्या नोड १८ ला (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) हवी २.२८. लिबसी.एसओ.६ ही त्या लायब्ररीच्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक नव्या फाइलकडे वळवली आणि एलएस, सीपी, सुडो या रोजच्या आज्ञा सगळ्याच आडव्या; दुसऱ्या मशीनवरून नवं एसएसएच लॉगिनही होईना. प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणारा लोडर जुना, लायब्ररी नवी, त्या दोघांचं जमत नाही. यावर त्याच मंडळींचा सल्ला काय, तर "फॉर्मॅट मारा"!

उघड्या खिडकीतल्या शेलच्या, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामच्या, मेमरीत मात्र जुनी लायब्ररी शाबूत होती. फाइलींची यादी देणारं एलएस गेलं तरी शेलच्या स्वतःच्या 'इको *' नं फाइली दिसतात, हे तुमच्याकडूनच कळलं. मग लिंक वळवणारं एसएलएन. स्टॅटिक, म्हणजे लागेल ते सगळं स्वतःतच भरलेलं, असल्यानं त्याला कुठलीच लायब्ररी लागत नाही. एंटरआधी तुम्ही अक्षर न अक्षर वाचून घेतलंत. "लिबसी, मग डॅश. अंडरस्कोर नाही ना? परत वाचा." रात्री पावणेदोनला, आवाज न चढवता, तीनदा. हे तीनदा मी विसरणार नाही. पंचवटीत पाणपोई चालवणारा तांब्या का नाही आणलात म्हणून कुणाला झापत नाही, तुम्ही त्यातले.

लिंक जुन्या फाइलकडे वळताच सगळं उठून बसलं. त्यावरही तुमची तंबी होतीच: नवी फाइल आधी तिथून हलवा, नाहीतर लायब्ररींच्या लिंक लावणारं एलडीकॉन्फिग सर्वांत वरची आवृत्ती पाहून लिंक परत तिकडेच वळवेल.

आता नोड कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःच्या लायब्ररी सोबत असलेल्या वेगळ्या कप्प्यात आहे, सिस्टिमच्या लिबसीला कुणी हात लावत नाही. पण सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपला, त्यामुळे सर्व्हर बदलणं आलंच. जीलिबसी २.२८ मध्ये मजकूर क्रमानं लावताना वापरायचा अक्षरांचा क्रमच बदललाय. डेटा फोल्डर जसाच्या तसा उचलून नेला तर पोस्टग्रेस या डेटाबेसचे मजकुराचे इंडेक्स चुकतात आणि असलेली नोंदही सापडत नाही, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत.

रीइंडेक्स, म्हणजे ते इंडेक्स नव्यानं बांधणं, येत्या रविवारी आहे. या वेळी रूटच्या दोन खिडक्या उघड्या ठेवतोय.