सूचना : रविवारची बालवाचनसभा मळ्यात

सर्व पालक आणि बालसभासदांना नमस्कार.

३ डिसेंबरला बहिणाबाई चौधरींचा स्मृतिदिन. त्यानिमित्त येत्या रविवारी सकाळी ८ वाजता वाचनसभा ग्रंथालयाऐवजी असोदा रस्त्यावरच्या आपल्या सभासदांच्या मळ्यात भरेल.

बहिणाबाईंनी मुलांसाठी म्हणून वेगळं काही रचलं नाही. त्यांना लिहितावाचता येतच नव्हतं. १८८० साली असोद्यात शेतकऱ्याच्या घरी जन्म, लग्नानंतर जळगावलाही शेतीच. काम करता करता सुचलेली गाणी घरच्यांनी उतरवून घेतली आणि त्या गेल्यावर, १९५२ साली त्यांचं पुस्तक आलं. तरी सुगरणीच्या खोप्याचं गाणं ऐकलं नाही असं पोर आपल्या खानदेशात सापडायचं नाही.

पण खरा खोपा किती मुलांनी जवळून पाहिलाय? मळ्यातल्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला पावसाळ्यातले रिकामे खोपे अजून लोंबताहेत. खाली पडलेला एक मुलांच्या हातात देऊ. चिरलेल्या गवताच्या पात्यांची ती वीण आणि खाली तोंड असलेली नळी बोटांनी चाचपून बघू द्या. (विणकाम नर करतो, हे जरूर सांगा.) झाडावरच्या खोप्यांना मात्र कुणी काठी लावायची नाही.

मग प्रत्येकाने मळ्यात पाहिलेल्या एखाद्या गोष्टीवर चार ओळी लिहायच्या. लेवा बोलीत, अहिराणीत, घरी बोलता तशा. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही.

दुपारी पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. वही, ताट, पाण्याची बाटली घरून आणावी. किती जण येणार ते शुक्रवारपर्यंत ग्रंथालयात कळवावं.