छोटीसाठी पुस्तकं

फ्रँकफर्ट, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मी उत्तम आहे. थंडी सुरू झाली आहे, पण घर गरम असतं. तूरडाळ, तांदूळ, गोडा मसाला भरपूर आहे, आईने काळजी करू नये. बाबांच्या मोतीबिंदूचं छोटीने सगळं कळवलं. थेंब वेळच्या वेळी घालताय ना? डोळ्यावर ताण नको, हे पत्र तिच्याकडूनच वाचून घ्या. तसंही निम्मं तिच्यासाठीच आहे.

बाबा, तुम्ही विचारलंत, "छोटी एमबीए झाली, आता आणखी पुस्तकं कशाला?" कोर्समध्ये फायनान्स, ऑपरेशन्स, माणसं हे सगळं वेगवेगळ्या तासांना शिकवतात. नोकरीत ते एकाच सकाळी एकाच टेबलावर येऊन पडतं. म्हणून ही मोजकीच पुस्तकं. सगळ्यांनी सगळी घ्यायची गरज नाही.

छोटी चाकणला कारखान्यात रुजू होणार, तर तिने आधी एलियाहू गोल्ड्रॅट यांचं 'द गोल' वाचावं. १९८४ चं आहे आणि कादंबरीसारखं आहे. कारखाना वाचवायला मॅनेजरला तीन महिने मिळतात. प्रत्येक मशीनची कार्यक्षमता कागदावर चांगली, तरी ऑर्डरी वेळेवर जात नाहीत. मुलांच्या पायी सहलीत त्याला कारण सापडतं: रांगेचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्या मुलाएवढाच असतो. मग त्या मुलाला पुढे घेतात आणि त्याच्या पाठीवरचं ओझं वाटून घेतात. कारखान्यातही पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. अडणारं मशीन शोधायचं, त्याचा एक मिनिटही वाया जाऊ द्यायचा नाही, बाकी सगळं त्याच्या वेगाला जुळवायचं, आणि एवढं करूनही भागलं नाही तरच पैसे खर्चून क्षमता वाढवायची. ती वाढली की अडचण दुसरीकडे सरकते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. लोक मधल्या दोन पायऱ्या गाळून थेट नवीन मशीनचं कोटेशन मागवतात, तिथेच बिघडतं. छोटीला सांगा, पहिल्या आठवड्यात अर्धवट मालाचा ढीग कोणत्या मशीनपुढे सर्वात उंच आहे ते बघ. मग बघ, जेवणाच्या सुट्टीत ते मशीन बंद राहतं का आणि तपासणी त्याच्या आधी होते की नंतर. खराब नग त्या मशीनवर चढला तर गेलेला वेळ परत मिळत नाही.

हाताखाली माणसं आली की अँड्र्यू ग्रोव्ह यांचं 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' (१९८३). सुरुवातीलाच तीन मिनिटांचं उकडलेलं अंडं, टोस्ट आणि कॉफी असा नाश्ता आहे. सगळ्यात जास्त वेळ अंड्याला लागतो, म्हणून बाकीची कामं त्याच्या भोवती बसवायची. आईचा सकाळचा ओटा असाच चालतो, तिला हे पुस्तक लागणार नाही. त्यातली दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते: एकच आकडा कधी मोजायचा नाही, त्याला उलट बाजूचा दुसरा जोडायचा. नुसते नग मोजले की दर्जा घसरतो, म्हणून दोन्ही शेजारी लिहायचे.

बँकेत जाणाऱ्या तिच्या मैत्रिणीला बेंजामिन ग्रॅहम यांचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' (१९४९). पहिल्या पानापासून सुरू केलं तर ती अमेरिकेतल्या जुन्या बाँडच्या (कर्जरोख्यांच्या) आकड्यांत अडकेल. आधी ८ वं आणि २० वं प्रकरण वाचावं, बाजाराच्या लहरी आणि सुरक्षिततेचं अंतर, म्हणजे शेअरचं खरं मोल आणि आपण दिलेली किंमत यांतली फट. नंतर १२ वं, प्रति शेअर कमाईचा आकडा कसा फुगतो ते. ते वाचताना एका कंपनीचा वार्षिक अहवाल शेजारी ठेवून तळटिपा तपासाव्यात. तिलाच डॉ. आंबेडकरांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' सांगा. १९२३ साली लंडनहून निघालं. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या सहाव्या खंडात ते आहे. चांदीच्या रुपयाचं मोल का डळमळलं हे इतक्या बारकाईने मांडणारं पुस्तक आपल्या माणसाचं आहे आणि बिझनेस स्कूलमध्ये त्याचं नावही निघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

डॅनियल कानेमन यांचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' (२०११) मात्र सगळ्यांसाठी. २३ वं प्रकरण दोनदा वाचा. पाठ्यपुस्तक लिहायला बसलेल्या तज्ज्ञांनी अंदाज दिला दोनेक वर्षांचा, आणि लागली आठ. तशाच इतर गटांना सात ते दहा वर्षं लागली होती, हे त्यांच्यातल्याच एकाला ठाऊक होतं, तरी स्वतःचा अंदाज देताना त्याने ते धरलं नाही. ४ थ्या प्रकरणावर विसंबू नका. त्यातले काही प्रयोग पुन्हा करून पाहता टिकले नाहीत, आणि २०१७ साली खुद्द कानेमन यांनी आपण त्यांवर जास्त भरवसा ठेवल्याचं मान्य केलं.

यशस्वी कंपन्यांची गुपितं सांगणारी पुस्तकं शेवटी वाचावीत. 'गुड टू ग्रेट' (२००१) मध्ये ११ कंपन्या निवडल्या होत्या. त्यातल्या सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या साखळीने २००८ मध्ये दिवाळं काढलं, गृहकर्जांच्या धंद्यातली फॅनी मे त्याच वर्षी अमेरिकन सरकारला ताब्यात घ्यावी लागली. कोण जिंकलं हे आधी ठरवून मग "कसे जिंकलात?" विचारलं की हे होणारच. तोच गुण असून हरलेले किती, हे त्यातून कळत नाही.

आई, सेलमधली पुस्तकं तिकडून पाठव म्हणालीस. इथे नव्या पुस्तकांचा सेल नसतोच! जर्मन पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि ती सगळ्या दुकानांत एकच असते, खेड्यातल्या दुकानात आणि ऑनलाइनही. दुकानदाराने मनाने दहा टक्के सोडले तर तो कायदा मोडतो. निदान अठरा महिने तरी असंच चालतं. स्वस्त मिळते ती खराब झालेली प्रत, आणि तिच्यावर तसा शिक्का असतो. मग दुकानं चढाओढ कशात करतात, तर सेवेत. संध्याकाळी सांगितलेलं पुस्तक बहुधा दुसऱ्या सकाळी येतं. छोट्या गल्लीतलं दुकान टिकावं म्हणून हे आहे, हे समजायला मला वेळ लागला. परदेशातून आलेल्या इंग्रजी पुस्तकांना हा नियम सहसा लागत नाही, पण ती इथे महाग पडतात. तुम्ही अप्पा बळवंत चौकातूनच भारतीय आवृत्ती घ्या. फुटपाथवरची नकली प्रत नको, ग्रॅहमचे तक्ते त्यात वाचता येत नाहीत.

पैसे मी पाठवले आहेत, पुस्तकांचे आणि चष्म्याचे वेगळे. पुढच्या महिन्यापासून कर्जाचा हप्ता माझ्याच खात्यातून जाईल. बाबांनी पेन्शनला हात लावायचा नाही. हो, मी नीट जेवते, आणि पैसे वाचवायला उपाशी राहत नाही.

साताऱ्याच्या स्थळाचं वाचलं. फोटो पाहिला, माणसं चांगली वाटतात. मी टाळत नाहीये, आई. एकदा त्यांच्याशी फोनवर बोलू दे, मग कळवते. दिवाळीला येणं जमणार नाही, तिकीट मार्चचं काढलं आहे. ऑपरेशनच्या दिवशी मी तिथे हवी होते, बाबा. छोटी होती म्हणून निभावलं. तिची पहिली प्रत तुम्हीच तुमच्या हाताने घेऊन द्या, माझं नाव घालून.

तुमची,
ताई