माजी विद्यार्थी सत्कार : नावं रविवारपर्यंत कळवा

मंडळी, आपल्या नागपूर मेडिकलच्या माजी विद्यार्थी सत्कारासाठी नावं पाठवायला रविवार रात्रीपर्यंतच वेळ आहे. आतापर्यंत आलेली बहुतेक नावं मोठ्या शहरांतल्या सुपरस्पेशालिस्टांची आहेत. त्यांचं कर्तृत्व मोठंच. पण गडचिरोलीच्या दुर्गम भागात काम करणारे डॉक्टर प्रकाश-मंदाकिनी आमटे आणि अभय-राणी बंग हेही आपल्याच कॉलेजचे. १९७३ साली आदिवासींसाठीच्या लोकबिरादरी प्रकल्पाचं काम सुरू झालं तेव्हा आमटेंच्या हेमलकसा गावात वीजसुद्धा नव्हती! आज तालुक्याच्या गावी रात्री दोनला बाळंतपणासाठी उठून जाणारी आपली एखादी बॅचमेट असेल, तर तिचं नाव जरूर सुचवा. ती स्वतः कधीच लिहिणार नाही, म्हणून हे काम मित्रमैत्रिणींचं. नाव, बॅच, कामाचं गाव आणि चार ओळी पुरेत. इथेच टाका.