बाबांनी मोठ्याने वाचायचं पत्र

नाशिक, रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, मायना तपासून घ्या. चुकला असेल तर लाल शाईने खूण करून ठेवा, गौरी-गणपतीला येईन तेव्हा बघते.

फोन रोज होतो, तरी पत्र लिहायला बसले त्याला कारण आहे. जिभेच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर स्पीच थेरपीच्या बाईंनी तुम्हाला रोज अर्धा तास मोठ्याने वाचायला सांगितलंय आणि तुम्ही पेपर मनातल्या मनात वाचून घडी घालून ठेवता, असं आई म्हणते. तेव्हा हे तुम्ही वाचायचं आणि आईने ऐकायचं. दुसरं म्हणजे, तुम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांच्या तक्रारी मला नाशिकला पाठवता. आई सकाळी मागच्या दारी जाऊन फोन करते, तुम्ही दुपारी ती पडली की मेसेज करता. शेवट दोघांचाही एकच, "हे तिकडे बोलू नकोस." मी बोलणार आहे.

आधी आईचं. बाबा, आई ठेचा खाते. तुमच्या कण्या नाहीतर हुलग्याचं माडगं करून, निववून, तुमचं पोट भरलं की ती भाकरीवर ठेचा घेऊन मागे पाण्याच्या टाकीपाशी उभ्याने जेवते. तुमच्यासमोर कडक भाकरी मोडायची तिला लाज वाटते. ऑपरेशन झाल्यापासून घरात मिरचीची फोडणी नाही, कारण त्या ठसक्याने तुमचा घसा सोलवटतो. ते खरंही होतं, पण ते शेक (रेडिएशन) चालू असतानाचं. 30 शेक संपून आता आठ महिने झाले. आई, मागच्या बुधवारी बाबांनी मला काय लिहिलं ते सांगू? "तुझी आई टाकीपाशी जेवते. मला आतून दिसतं. काही बोललो तर तेवढंही खाणार नाही." म्हणजे तू लपवतेस आणि ते न बघितल्यासारखं करतात. गेले आठ महिने.

रात्रीचंही तसंच. लाळ सुटत नाही म्हणून तासातासाला घोटभर पाणी लागतं, हे मला कळतं. बाबा तुझी झोप मोडू नये म्हणून अंधारात चाचपडत उठतात, आणि तू जागी असून डोळे मिटून पडतेस, कारण उठलीस तर त्यांना वाईट वाटेल. अगं, उशाशी तांब्या ठेवा की! उपचारांच्या वेळी दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत दोघांच्या मध्ये एकच बाटली असायची आणि कोण उठलं, कोण झोपलं याचा कुणी हिशेब ठेवत नव्हतं. तिथे दिवाळीत बाजूच्या जळगावच्या काकूंनी पातळ लापशी दिली होती. बाबा, तुम्हाला काहीच चव लागत नव्हती आणि तुम्ही "छान" म्हणालात. मला तो एक शब्द तेव्हा पहिल्यांदा नीट कळला होता.

आता बोलण्याचं. इथून पुढे ळ जास्त आहेत, ते मुद्दाम. ज्या मुलाला फळा म्हणता येत नव्हतं त्याला तुम्ही शाळा सुटल्यावर पायरीवर बसवून शंभरदा म्हणायला लावायचात. आता अर्धी जीभ मनगटाजवळच्या कातड्याची आहे (नातू अजून विचारतो, "आजोबांची जीभ हाताची आहे का?") आणि ती टाळूपर्यंत वळत नाही, म्हणून तुमच्या तोंडून फला येतो. येऊ दे की. पण त्यापायी तुम्ही पारावर जायचं सोडलंत आणि फोन वाजला की आईच्या हातात देता, हे मला पटत नाही. दूधवाल्याशीसुद्धा आई बोलते. तुम्ही एक शब्द काढता, ती अख्खं वाक्य करून पुढे देते. आई, हे तुझंही चुकतंय. त्यांना वेळ दे, मध्ये बोलू नकोस. काळे राळे गोरे राळे रोज दहा वेळा, आईसमोर. हसली तर हसू दे.

दाढेवरून मात्र मी खरंच चिडले आहे. दाढ दुखते म्हणून बार्शीला जाऊन उपटून यायचं ठरवलं होतंत ना? आईने वेळेवर सांगितलं म्हणून बरं. शेक दिलेल्या जबड्याच्या हाडाला रक्त कमी पोचतं. तिथली दाढ काढली तर जखम न भरण्याची भीती असते आणि हाड आतून सडू शकतं. टाटा हॉस्पिटलातल्या दातांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पक्कड लावून घ्यायची नाही, आज नाही आणि दहा वर्षांनीही नाही. फ्लोराइडचं जेल न चुकता.

आणि ते सारखं गळून जाणं, आषाढात स्वेटर घालणं, दुपारभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडणं, याला आई "मनाला लावून घेतलंय" म्हणते. असेलही. पण मानेला शेक बसला की थायरॉइड मंदावू शकतो, त्यानेही असंच होतं. पुढच्या चेकअपला टीएसएचची (थायरॉइडसाठीची रक्ताची) चाचणी करा असं आपण होऊन सांगा. सिद्धेश्वर एक्सप्रेसची तिकिटं कुर्डुवाडीहून काढली आहेत, रेल्वे सवलतीचा कागद फाइलमध्ये वरच ठेवा.

आई, तुझ्या बीपीच्या गोळ्या. बाबा रोज पाकिटातल्या गोळ्या मोजतात, हे तुला माहीत नव्हतं ना? गेल्या महिन्यात नऊ शिल्लक राहिल्या.

खिशांचं राहिलं. आई धुवायच्या आधी तुमच्या शर्टाचे खिसे हुंगते. चाळीस वर्षांच्या चुना-तंबाखूनंतर तिने का हुंगू नये? परवा तिला खिशात चिठ्ठी सापडली, "शोधू नकोस, विचार." ती फोनवर आधी चिडली, मग इतकी हसली की मला पुढचं काही कळलंच नाही. बाबा, हे छान केलंत. आई, पण तू विचारलंस का? हुंगणं थांबवू नकोस, मी सांगणार नाही तसं. फक्त एकदा विचार.

मंगळवारचं आमटीचं दोघांनीही मला कळवलं, ही पहिलीच बातमी जी दोन्हीकडून सारखी आली. "मीठ जास्त झालंय," बाबा म्हणाले आणि आईने चव घेतली तर खरंच जास्त होतं. गोडाचं अजून कळत नाही म्हणता, चहा मातीसारखा लागतो. खारट कळलं हे काही कमी नाही. गिरणीतल्या काट्यावर वजन करून मला आकडा पाठवा. मागच्या वेळचा 51 किलो होता, आणि त्यात चपला होत्या असं गिरणीवाल्याने आईला सांगितलंय.

नऊ वाजता फोन करते. उचलायचा बाबांनी.

तुमची,
ताई

ता. क. दातांत धरून तोंड उघडायच्या व्यायामासाठी आइस्क्रीमच्या काड्यांचं नवं पाकीट पाठवतेय. 12 वरून 17 काड्यांपर्यंत तोंड उघडतंय म्हणजे चांगलंच आहे, अठरावी घुसवायची घाई नको. नातवाने आपल्या कुल्फीच्या काड्या पण धुऊन ठेवल्या होत्या. त्या मी काढून घेतल्या, त्याला सांगू नका.